रेझ्युमेवर नाव बदलू का?

ज्ञानेश्वर:
अमेरिकेत डेटा ॲनालिस्टच्या जागांसाठी अर्ज करतोय. मास्टर्स इथलंच, वर्क परमिट हातात, तरी फोन म्हणून येत नाही. रूममेट म्हणतो, ‘डॅन’ लिही, आडनाव राहू दे. खरंच फरक पडतो का? आणि पुढे बॅकग्राउंड चेकमध्ये अडकलो तर?

वैदेही:
पडतो की! बर्ट्रांड आणि मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन-शिकागोत सुमारे ५००० बनावट रेझ्युमे पाठवले होते (२००४ चा पेपर). पात्रता सारखीच, पण एमिली-ग्रेग छापाच्या गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकीशा-जमालसारख्या कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त कॉल. २०१६ च्या एका अभ्यासात आशियाई अर्जदारांच्या नावा-अनुभवातल्या वंशाच्या खुणा पुसल्यावर कॉल ११.५ वरून २१ टक्क्यांवर गेले. गंमत म्हणजे जाहिरातीत ‘आम्ही विविधतेचं स्वागत करतो’ म्हणणाऱ्या कंपन्याही या भेदभावात मागे नव्हत्या. त्या ओळीवर भुलू नकोस.

जुना_खोड:
चेकची धास्ती सोड. रेझ्युमेवर रोजचं नाव चालतं. फॉर्ममध्ये ‘लीगल नेम’ विचारलं की मात्र पासपोर्टवरचंच, अक्षर न अक्षर. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंशावरून डावलणं बेकायदा आहे खरं, पण तुला का गाळलं हे सांगतंय कोण?

वैदेही:
पण ‘डॅन’ला हाक मारल्यावर तू वळशील का, ते आधी बघ. ‘ज्ञान’ लिहून पाहा की.

ज्ञानेश्वर:
‘ज्ञान’चं इथे ‘ज्नान’ होतं, ताई! निम्मे अर्ज ‘डॅन’च्या नावाने टाकतो, निम्मे माझ्या.