खलनायकाच्या 'ओरिजिन स्टोरी'ला मराठीत काय म्हणावे?

हिमकण:
एका दिवाळी अंकासाठी मी 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरिज' या मालिकेतील 'हार्ट ऑफ आइस' या भागावर लेख लिहिला आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये प्रसारित झालेला हा भाग पॉल डिनी यांनी लिहिला आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केला होता. खलनायक तसा कसा झाला हे सांगणाऱ्या गोष्टीला, म्हणजे 'ओरिजिन स्टोरी'ला, लेखात मी सर्वत्र 'मिस्टर फ्रीझची उगमकथा' असे लिहिले होते, आणि संपादकांनी तितक्याच ठिकाणी 'जन्मकथा' असा बदल करून मजकूर परत पाठवला. जन्मकथा म्हटले की मला रामनवमीचा पाळणा आणि सुंठवडा आठवतो. इथे तर पुढे मिस्टर फ्रीझ हा खलनायक होणारा व्हिक्टर नावाचा शास्त्रज्ञ असाध्य आजार झालेल्या आपल्या पत्नीला, नोराला, उपचार सापडेपर्यंत गोठवून ठेवतो. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल खर्चाचे कारण सांगून तो प्रयोग बंद पाडायला येतो, आणि झटापटीत रसायनांत फेकला गेलेला व्हिक्टर पुढे केवळ शून्याखालच्या तापमानातच जगू शकतो. यात जन्म कोणाचा झाला? 'उगमकथा' हा शब्द चुकीचा आहे का?

पोतडी:
चुकीचा नाही, परंतु अडचणीचा आहे. उगम नदीचा असतो आणि तो प्रवाहाच्या आधी असतो. हे पात्र १९५९ मध्ये चित्रकथेत 'मिस्टर झीरो' या नावाने आले, तेव्हा ते बर्फाची बंदूक घेऊन हिरे चोरणारे साधे भुरटे पात्र होते आणि नोराचा कोठे पत्ताही नव्हता. ही पत्नी त्याला ३३ वर्षांनी मिळाली. नदी समुद्राला मिळाल्यावर मागाहून तिचा उगम खोदून काढण्याचा हा प्रकार आहे. हार्ली क्विन या खलनायिकेचेही तेच झाले: ती १९९२ मध्ये याच मालिकेत अवतरली आणि ती तशी का झाली, हे १९९४ च्या चित्रकथेत सांगितले गेले. नाहीतरी नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतातच.

अनुस्वार:
पोतडीकाका, म्हण ऋषींबद्दल आहे. राक्षसांचे कूळ आपल्याकडे अगदी हौसेने विचारले जाते. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांना सनकादिकांचा शाप झाला आणि ते हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र असे तीन वेळा जन्मले, ही खलनायकांची 'ओरिजिन स्टोरी' नव्हे तर काय? 'शापकथा' हा तयार शब्द असताना नवे साचे पाडण्याची गरज मला दिसत नाही.

हिमकण:
अनुस्वारताई, शापाला उःशाप असतो. व्हिक्टरला तो नाही, आणि बॉइल हा काही ऋषी नव्हे. त्याला तर या भागात मानवतावादी म्हणून पुरस्कार मिळत असतो.

माजघर:
माझी आजी अशा हकिकतीला 'कर्मकहाणी' म्हणत असे. तिच्या तोंडी त्या शब्दात कणव असे. कोणी ओसरीवर येऊन रडून गेले की ती आत येऊन म्हणायची, 'ऐकली बाई तिची कर्मकहाणी.' पत्नीला वाचवू न शकलेल्या माणसाच्या गोष्टीला याहून जवळचा शब्द मला सुचत नाही.

पोतडी:
आमच्या घरी मात्र 'कर्मकहाणी' म्हणजे कंटाळा आणणारे रडगाणे होते. 'आता तुझी कर्मकहाणी लावू नकोस' असेच मी लहानपणापासून ऐकले आहे. शिवाय कर्मकहाणी ज्याची त्यानेच सांगायची असते. या भागात बॅटमॅनला खरा प्रकार समजतो तो कंपनीत सापडलेल्या चित्रफितीतून. ती फीत पाहून त्या बॅटमॅनलाही कळवळा येतो, पण ती पंचनाम्यातला पुरावा ठरते, कर्मकहाणी नव्हे.

माजघर:
आपल्या घरचा अर्थ हा मराठीचा अर्थ आणि माझ्या आजीचा अर्थ हा अपवाद, असे ठरवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

खलबत्ता:
मुळात 'खलनायक' तरी इथे बसतो का, हे कोणी पाहिलेले नाही. माझ्या मते खल म्हणजे कुटणारा, म्हणूनच खलबत्त्यातला खल. जो दुसऱ्याला कुटतो तो खल. या व्याख्येने बॉइल खल ठरतो आणि व्हिक्टर त्या खलात कुटला गेलेला ठरतो.

अनुस्वार:
ही व्युत्पत्ती रंजक आहे, परंतु खलबत्त्यात कुटतो तो बत्ता. खल बिचारा मार खातो. आपले नावच आपल्या विरोधात साक्ष देत आहे. संस्कृत नाट्यशास्त्रातला 'प्रतिनायक' हा शब्द अधिक नेमका आहे, कारण जुन्या व्याख्येत तो पापी मानला असला तरी त्या शब्दाच्या घडणीत केवळ नायकाचा विरोध आहे.

खलबत्ता:
'प्रतिनायक' ऐकून माझा बारा वर्षांचा नातू टीव्ही बंद करील. विष्णुदास भाव्यांच्या वळणाच्या जुन्या नाटकांत राक्षसपार्टी 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत रंगमंचावर येत असे, आणि तो असा का झाला हे प्रेक्षकांतील कोणीही विचारत नसे. लोकांना राक्षस कळत होता. कळता शब्द सोडून पोथीतला शब्द आणल्याने भाषा शुद्ध होते, हा आपला समज आहे.

अनुस्वार:
कळत होता, कारण त्याला शोकांतिका नव्हती. ज्या पात्राला शोकांतिका दिली, त्याला आरोळीच्या काळातला शब्द पुरणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. 'जडणघडण' चालेल का?

पोतडी:
'जडणघडण' सत्कारमूर्तीची होते. 'मिस्टर फ्रीझ यांची जडणघडण' असे वाचले की पुढे शाल आणि श्रीफळ येणार असे वाटते.

हिमकण:
सर्वांचे आभार. आज संपादकांचा निरोप आला. 'जन्मकथा' काढायला ते आता तयार आहेत, परंतु 'मिस्टर फ्रीझ' हे नाव वाचकांना स्वयंपाकघरातल्या फ्रीजसारखे वाटेल, अशी नवी शंका त्यांनी काढली आहे. गंमत अशी की व्हिक्टरच्या आडनावाचा उच्चारही फ्रीझच आहे, त्यामुळे नाव बदलले तर मूळचा श्लेषही जातो. त्यांनी 'श्रीयुत शीतकपाट' असे गमतीने सुचवले आहे, असे मी तूर्त समजत आहे.

माजघर:
'शीतकपाट' हा शब्द प्रत्यक्ष कोणाच्या घरात बोलला जातो का? पोतडीकाका, आपल्या घरी काय म्हणत असत?