ऑफिससमोर शरद ऋतूत कृत्रिम गवत: पाया, गोंद आणि पानगळ

देखभाल_विभाग
ऑफिसच्या दर्शनी भागात 24 × 16 मीटर जागेवर कृत्रिम गवत बसवायचं आहे. खाली चिकणमाती, वर मेलेली हिरवळ. लांबीच्या एका बाजूला इमारतीची काचेची भिंत, समोरच्या बाजूला पानगळ होणारी झाडं. ठेकेदाराचं कोटेशन: 50 मिमी खडी आणि 4 मीटर रुंदीचे, 24 मीटर लांबीचे चार रोल. थंडी पडली की गोंद धरत नाही, म्हणून आत्ताच उरका असं तो म्हणतो. हे साहित्य पुरेल का? आणि पानगळ संपेपर्यंत थांबावं का?

खडी_आणि_कच
पाया कमी आहे आणि रोलही कमी पडणार.

रोल चार मीटर रुंद असला तरी सगळी रुंदी वापरता येत नाही. जोडाच्या दोन्ही कडांचे दोन-तीन टाके (तंतूंच्या शिवलेल्या ओळी) कापावेच लागतात, नाहीतर जोडाची रेघ लांबूनही दिसते. तीन जोड, प्रत्येकी दोन कडा, दर कडेला 2 ते 3 सेमी, म्हणजे 16 मीटरमधले सुमारे 15 सेमी गेले. पाचवा रोल मागवण्यापेक्षा भिंतीलगत 20 सेमीचा गोट्यांचा पट्टा ठेवा. लांबी मात्र 24.3 मीटर घ्या. टोकं कधीच काटकोनात नसतात.

आता पाया. चिकणमातीवर 50 मिमी खडी एक पावसाळाही धड काढणार नाही. दाबल्यानंतर 100 मिमी खडी आणि वर 25 मिमी कच (दगडाचा बारीक चुरा) हवी. खोदाई 150 मिमी, म्हणजे वरच्या 25 मिमीमध्ये गवत बसून बाजूच्या फरसबंदीशी जुळतं. जुन्या हिरवळीची मुळं काढा. राहिली तर कुजतात आणि तिथे खळगा पडतो. मातीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं कापड), सांध्याला 300 मिमी चढवून. ते नसेल तर माती खडीत घुसते आणि निचरा बंद होतो. दाबलेली खडी 38.4 घनमीटर लागेल, सैल साधारण 48 मागवा. 50-50 मिमीचे दोन थर, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने वेगळा दाबायचा.

उतार इमारतीपासून बाहेरच्या बाजूला. दीड टक्का धरला तर 16 मीटरमध्ये 24 सेमी होतात. बाहेरची फरसबंदी तेवढी खाली आहे का, हे दोरी लावून आधी बघा. नसेल तर एक टक्का, 16 सेमी.

शरदातली खरी अडचण ओली माती. कॉम्पॅक्टर फिरताना जमीन थुलथुल हलायला लागली की मशीन लगेच बंद करा. पुढे दाबत राहिलात तर पाणी आणि गाळ वर येतो, घट्ट काहीच होत नाही. कचेतही पिठासारखी पूड जास्त नको. ती पाणी धरते, आणि कडक थंडीत तेच पाणी गोठून पाया फुगवतं.

जोडकाम
गोंदाबद्दल ठेकेदार अर्धंच सांगतोय. बाधक थंडीपेक्षा दव जास्त आहे. दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद ओल्या बॅकिंगवर (गवताच्या पाठीवरच्या थरावर) पडला की पाण्याशी अभिक्रिया होऊन फेसाळतो, बुडबुडे राहतात आणि जोड हाताने उचकटता येतो. म्हणून पाऊस नसलेला दिवस निवडा आणि गोंदकाम साधारण 11 ते 3 या वेळातच करा. डबे आदल्या रात्री खोलीत ठेवा. गार गोंद घट्ट होतो, दातेरी थापीने एकसारखा पसरत नाही. किमान तापमान डब्यावर असतं, बहुतेकदा 5 ते 10 अंश. रात्री पारा त्याखाली जाणार असेल तर दुपारच्या उन्हावर भरवसा ठेवू नका.

तुमच्याकडे तीन जोड म्हणजे जोडाखाली घालायची 72 मीटर टेप, 300 मिमी रुंदीची. गोंद मीटरला 400 ग्रॅम धरला तर 30 किलोच्या आसपास. सगळ्या रोलचे तंतू एकाच दिशेला झुकलेले हवेत, एक जरी उलटा पडला तरी त्याचा रंग वेगळा दिसतो. जोडातली फट 2-3 मिमी. गोंदात तंतू अडकू देऊ नका. मग रूळ फिरवा, अर्ध्या तासाने पुन्हा, आणि जोडावर वाळूच्या पिशव्या. त्यावरून 24 तास कुणी चालायचं नाही, गारठा असेल तर 48. मुख्य दरवाजाची बाजू म्हणूनच शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जोडून घ्या.

रोल उलगडून एक रात्र पसरू द्या, पण जोडाच्या कडा उलटून ठेवू नका. सकाळी बॅकिंगवर दव साचलेलं मिळेल. आणि दुपारी तापलेला रोल कापून संध्याकाळी जोडू नका. गवत गारव्यात आकसतं, दुपारी जुळलेली फट सहाला उघडते. कापणं आणि जोडणं एकाच बैठकीत.

काच_आणि_ऊन
पानगळीसाठी थांबू नका. प्रत्येक जोडाआधी ब्लोअर मारला की झालं. थांबलात तर दिवस आखूड होतात, दव वाढतं, आणि गोंदाला मिळणारे चार तासही राहत नाहीत.

काचेकडे मात्र कुणी लक्ष दिलेलं नाही. उष्णता परतवणाऱ्या लो-ई दुहेरी काचेवरून परावर्तित झालेलं ऊन गवताचे पॉलिथिलिनचे तंतू वितळवू शकतं. थंडीत दोन काचांमधली हवा आकसते, काच आत वाकते आणि अंतर्वक्र आरशासारखं ऊन एकत्र करते. शिवाय सूर्य खाली असल्याने ते ऊन भिंतीपासून उन्हाळ्यापेक्षा लांब पडतं, 20 सेमीच्या गोट्यांच्या पट्ट्याच्या कितीतरी पलीकडे. दिवसभरात चकाकणारे पट्टे कुठे कुठे सरकतात ते खडूने आखून घ्या आणि त्या काचांना बाहेरून मॅट फिल्म किंवा जाळी लावा.

देखभाल_विभाग
काचेचं डोक्यातच नव्हतं. गवताच्या तंतूंमध्ये भरायची वाळू किती, आणि पानगळ चालू असताना टाकावी का?

जोडकाम
चौरस मीटरला 6 किलो, म्हणजे सुमारे 2.3 टन, भट्टीत वाळवलेली सिलिका वाळू. गवत पूर्ण कोरडं असतानाच. ओल्या गवतावर ती तंतूंना चिकटून वरच राहते. एकदम ओतू नका, तीन फेऱ्यांत टाका आणि प्रत्येक फेरीनंतर तंतूंच्या उलट दिशेने ब्रश मारा. त्याआधी पानं काढायचीच. वाळूत कुजलेली पानं म्हणजे पुढच्या वर्षीच्या तणाची माती. नंतर आठवड्यातून दोनदा ब्लोअर कमी वेगावर, जमिनीला तिरका धरून. सरळ खाली धरला तर पानांबरोबर वाळूही उडते.