मदत हवी आहे: उद्यम असूनही जेमवर बिड बाद केली, वेळ कमी आहे

सागवान
नमस्कार, घाईत लिहितेय. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर एका केंद्रीय कार्यालयाच्या खुर्च्यांच्या बिडमध्ये (निविदेत) आम्हाला तांत्रिक तपासणीतच बाद केलंय. कारण एका ओळीत, 'ईएमडी (बिडसोबतची अनामत रक्कम) भरलेली नाही'. अहो, लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र जोडलंय! सूक्ष्म उद्योगांना ईएमडी माफ असते. दोन वर्षं जेमवर आहोत, कॅटलॉग मंजूर आहे, म्हणजे सरकारनेच पुरवठादार म्हणून मान्य केलंय ना? मग दर वेळी नव्याने परीक्षा कशाला? हरकतीत काय लिहायचं तेवढं सांगा.

बारदाना
निकाल कधी लागला? बाद झालेल्याला हरकत घ्यायला ४८ तास मिळतात. आधी वेळ सांगा, बाकीचं नंतर.

सागवान
काल दुपारी तीनच्या सुमारास.

निवृत्त_लेखापाल
डीजीएस अँड डीचे, म्हणजे केंद्राच्या जुन्या खरेदी खात्याचे, दरकरार होते तेव्हा ही कटकट नव्हती. दर एकदा ठरला की कार्यालयं थेट पुरवठा आदेश काढायची. पुरवठादाराची तपासणी आधीच झालेली असायची. ३१ ऑक्टोबर २०१७ ला ते खातं बंद केलं, तिथेच चुकलं.

उंबरठा
काका, दरकरारात बाजारभाव उतरला तरी सरकार जुन्याच दराने घेत बसायचं. जेमवर निदान चार जणांचे भाव समोर दिसतात.

निवृत्त_लेखापाल
अर्धवट माहितीवर बोलू नका. करारात फॉल क्लॉज असायचा. दुसऱ्या कुणाला कमी दराने विकलंत की सरकारलाही त्याच दराने द्यावं लागे.

उंबरठा
क्लॉज होता हो, पण दुसरीकडे कमी दराने विकलं हे शोधून काढणार कोण?

बारदाना
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे घड्याळ चालू आहे. सागवानताई, खुर्च्या तुम्ही स्वतः बनवता की दुसऱ्या कंपनीच्या विकता?

हिशेबनीस
ताई, पैसे अडकले असतील तर एमएसएमई कायदा २००६ चं कलम १५ बघा. ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करा, अजिबात सोडू नका.

सागवान
माझे पैसे अडकलेले नाहीत हो, बिड अडकलीय. @बारदाना, एका ब्रँडच्या खुर्च्या विकतो, कंपनीचं अधिकृत विक्रेता म्हणून पत्र आहे. त्याने काय फरक पडतो? उद्यम तर आहे.

बारदाना
सगळा फरक तिथेच पडतो. ईएमडीची माफी त्या वस्तूचं उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे, व्यापाऱ्यांना नाही. प्रमाणपत्र उघडा आणि 'मेजर अ‍ॅक्टिव्हिटी'समोर काय छापलंय ते वाचा. खालच्या तक्त्यात एनआयसी कोड (व्यवसायाच्या प्रकाराचा क्रमांक) असेल, त्याचे पहिले दोन आकडे सांगा.

सागवान
'ट्रेडिंग'. आणि ४६.

बारदाना
मग झालं. ४५, ४६, ४७ हे व्यापाराचे कोड. जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. सरकारी खरेदीतल्या सवलती त्यात येत नाहीत. (@हिशेबनीस, तुम्ही सांगितलेलं ४५ दिवसांचं संरक्षणही व्यापाऱ्याला त्या नोंदणीवर मिळत नाही.)

झटपट
एवढा काथ्याकूट कशाला? उद्यममध्ये जाऊन ३१ चा कोड घाला, फर्निचर उत्पादन. नवं प्रमाणपत्र लगेच मिळतं. मी ओळखीच्या दोघांचं करून दिलंय.

उंबरठा
कारखाना नसताना? कृपा करून असले सल्ले देऊ नका. ही खोटी घोषणा आहे. पकडलं गेलं तर जेमवरचं खातं निलंबित होतं, मग दोन वर्षांची मेहनत पाण्यात. शिवाय उघडलेल्या बिडला नवं प्रमाणपत्र कोण लावून घेणार?

सागवान
कोड बदलणार नाही. पण मला खरंच कळत नाहीये, दोन वर्षांत एकदाही कुणी ईएमडी मागितली नाही. आत्ताच का?

बारदाना
आधीच्या ऑर्डरी किती रकमेच्या होत्या?

सागवान
लहानच. कुठे चार खुर्च्या, कुठे दहा. ही पहिली मोठी.

बारदाना
म्हणून. जीएफआर २०१७ (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) च्या नियम १४९ मध्ये मुळात तीन पायऱ्या होत्या. ५०,००० रुपयांपर्यंत कार्यालय थेट घेऊ शकायचं, ३० लाखांपर्यंत किमान तीन उत्पादकांच्या मालात सर्वात कमी दराचा घ्यायचं आणि त्याहून जास्त रकमेला बिड किंवा रिव्हर्स ऑक्शन (भाव उतरवत नेणारा लिलाव). आकडे नंतर सुधारत गेलेत, चालू आदेश बघून घ्या. खालच्या पायऱ्यांवर तुमचा मंजूर कॅटलॉग पुरला. बिडला मात्र खरेदीदार आपल्या अटी लावतो, त्या प्रत्येक वेळी नव्याने पाळाव्या लागतात. बिडच्या कागदात ईएमडीची रक्कम आणि बँकेचं नाव छापलेलं असेल, बघा.

सागवान
आहे. दुसऱ्याच पानावर. मी तो रकाना 'आपल्याला माफ' म्हणून ओलांडून गेले होते.

निवृत्त_लेखापाल
वाईट वाटून घेऊ नका, ताई. तीस वर्षं निविदा तपासल्या, चांगला माल असलेले कितीतरी जण अशा एका रकान्यावर बाहेर गेलेले पाहिलेत. हरकत घेऊ नका, ती टिकणार नाही.

सागवान
नाही घेत. पण अशीच दुसरी बिड उघडी आहे, शुक्रवारी बंद होतेय. तिथे ईएमडी भरते. डीडी स्कॅन करून चढवला की झालं?

बारदाना
नाही, मूळ डीडीही मुदतीत कार्यालयात पोचला पाहिजे. शक्यतो हाताने देऊन पोच घ्या. रक्कम साधारण अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते, पण बिडमध्ये छापलेलीच भरा. लाभार्थीचं नाव अक्षर न अक्षर तेच.

सागवान
नाव दोन ओळींत तुटलंय, खाली पदनाम आणि शहर आहे. तेही डीडीवर घालायचं?

बारदाना
त्या कार्यालयाला आजच फोन करून विचारा. ते सांगतील तसंच्या तसं बँकेच्या अर्जावर लिहा.