फुल फ्रेमवरून मीडियम फॉरमॅट: दागिने, साड्या आणि इमारती टिपणाऱ्यांनी जावं का?

फोर्टकर

मुंबईत कॅटलॉगचं काम करणाऱ्यांपुढे सध्या हा प्रश्न आहे: ६१ मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा) हाताशी असताना फुजीच्या जीएफएक्स १०० या मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे मीडियम फॉरमॅट मालिकेकडे वळावं का? माझं मत असं, की ज्यांचा प्रकाश स्वतःच्या ताब्यात असतो त्यांनी जरूर वळावं. बाकीच्यांनी तेच पैसे लेन्स आणि फ्लॅशमध्ये घालावेत.

आधी मापं बघू. फुल फ्रेम ३६ × २४ मिमी, जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमी. क्षेत्रफळ १.६७ पट, म्हणजे पाऊण स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आसपास. फिल्मच्या काळातल्या ६४५ या मीडियम फॉरमॅटची चौकट ५६ × ४१.५ मिमीची होती, तेव्हा 'मीडियम' या शब्दाला भुलू नये. सोनी ए७आर ४ चा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे आणि जीएफएक्स १०० चाही तेवढाच. पिक्सेल त्याच आकाराचे, फक्त संख्येने जास्त: ९५०४ × ६३३६ च्या जागी ११६४८ × ८७३६. ३०० डीपीआयला लांब बाजू ३१.७ इंचांवरून ३८.८ वर जाते आणि आखूड बाजू २१ वरून २९ वर. खरा फायदा आखूड बाजूला आहे. नेसलेल्या साडीचा उभा फोटो छापील पानासाठी कापताना फुल फ्रेमची वरची-खालची पट्टी वाया जाते, तिथे ४:३ ची चौकट जवळपास पूर्ण वापरली जाते.

आता प्रकाशाचं. फुल फ्रेमवर एफ/८ ला (एफ हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) जेवढी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारी खोली, मिळते तेवढी जीएफएक्सवर मिळवायला एफ/१० वर जावं लागतं. स्टुडिओत फ्लॅशची पॉवर दोन-तृतीयांश स्टॉप वाढवली की झालं. दोन्हीकडे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० च राहतो आणि मोठ्या सेन्सरवर खरोखर जास्त प्रकाश पोचतो. काळ्या मखमलीवरचं सोनं, गडद जांभळ्या पैठणीच्या घडीतली सावली, अशा ठिकाणी तो फरक डोळ्यांना दिसतो. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र प्रकाश वाढवता येत नाही, शटर कमी करता येत नाही, मग आयएसओ वाढतो आणि मोठ्या सेन्सरची कमाई तिथेच संपते.

तिपाई

गणित मान्य आहे, पण शीर्षकात दागिने पहिले घातलेत आणि नेमका तिथेच हा सल्ला घात करेल.

२० मिमी व्यासाची अंगठी घ्या. फुल फ्रेमवर ९० मिमी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी लेन्स) १:१ ला लावली की सेन्सरवर अंगठीची प्रतिमा २० मिमीचीच पडते, म्हणजे साधारण ५३०० पिक्सेल. जीएफएक्सची १२० मिमी एफ/४ मॅक्रो ०.५ पटीला थांबते. प्रतिमा १० मिमी, पिक्सेल २६५०. महागड्या बॉडीवर अंगठीला निम्मे पिक्सेल! लेन्स पुढे सरकवणारी एक्स्टेन्शन ट्यूब लावून १:१ च्या जवळ पोचलात तरी पिक्सेलचा आकार तोच असल्यामुळे अंगठीला पुन्हा ५३०० च मिळणार. जास्तीचे सगळे पिक्सेल आजूबाजूच्या पांढऱ्या ॲक्रिलिकवर खर्च होतात. चौकट भरायची तर १.४ पटीच्या आसपास जावं लागेल, आणि तिथे डेप्थ इतकी पातळ होते की स्टॅकच्या (वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून एकत्र जोडायच्या) फ्रेम वाढतात. १:१ ला एफ/८ चं प्रत्यक्षात एफ/१६ होतं हेही धरा. त्याच्या पुढे डिफ्रॅक्शन, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाशाचं पसरणं, हिऱ्याच्या कडा मऊ करतं.

नथ, अंगठी, कुड्या हे रोजचं काम असेल तर फुल फ्रेम सोडू नये. चांगली मॅक्रो रेल (कॅमेरा थोडा थोडा पुढेमागे सरकवणारी पट्टी) घ्या.

फोर्टकर

@तिपाई, अंगठीबद्दल तुमचं पूर्ण बरोबर आहे, मी सरसकट 'दागिने' म्हणायला नको होतं. राणीहार, ठुशी, कंबरपट्टा यांना ०.५ पटसुद्धा लागत नाही, तिथे माझा मुद्दा टिकतो. जीएफएक्समध्ये फोकस ब्रॅकेटिंग (दर फ्रेमला फोकस आपोआप थोडा सरकवणं) आहे, पण फ्लॅशसोबत वापरताना शटर मेकॅनिकल ठेवा आणि दोन फ्रेममधला अवधी फ्लॅश पूर्ण भरायला लागतो त्याहून एक सेकंद जास्त ठेवा. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या फ्रेमपासून एक्स्पोजर डळमळतं आणि स्टॅकमध्ये सोन्यावर पट्टे येतात.

जरीकाठ

साड्यांबद्दल लिहिते. जास्त पिक्सेल म्हणजे मॉयरे (बारीक विणीवर उमटणारे खोटे पट्टे) गेला, ही समजूत सोडा. ए७आर ४ आणि जीएफएक्स १००, दोन्हींत तो रोखणारा लो-पास फिल्टर नाही. टिशू सिल्कच्या उभ्या-आडव्या धाग्यांवर हिरवे-गुलाबी लाटांचे पट्टे दोन्हींत येतात, फक्त वेगवेगळ्या अंतरावर. उपाय तेच जुने: कॅमेरा वीतभर मागेपुढे करा, कापडाचा कोन थोडा बदला, आणि टेदरच्या (कॅमेऱ्याला केबलने जोडलेल्या संगणकाच्या) स्क्रीनवर १०० टक्के करूनच तपासा, कारण लहान केलेल्या चित्रात स्क्रीनचा स्वतःचा मॉयरे दिसून फसगत होते. एफ/१६ ला पट्टे कमी होतात, पण जरीचा तारही मऊ होतो. जरीचा तार दाखवायलाच तर हा कॅमेरा घ्यायचा!

दुसरं, खर्च बॉडीवर थांबत नाही. जीएफएक्सच्या १६ बिटमध्ये उघडलेल्या चित्राचा एक थर ६१० एमबीचा. ६१ मेगापिक्सेलला तोच ३६० च्या आसपास. रिटचिंगचे तीन-चार भरीव थर झाले की फोटोशॉपच्या पीएसडीची २ जीबीची मर्यादा ओलांडली जाते आणि पीएसबी या मोठ्या फाइलच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करावं लागतं. बाहेरच्या रिटचरला हे आधी सांगितलं नाही तर ऐन डिलिव्हरीच्या रात्री फाइल सेव्ह होत नाही. १६ बिटची अनकॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याची मूळ फाइल) दोनशे एमबीच्या पुढे जाते. दिवसाला ३०० फ्रेम धरल्या तर ६० जीबी, आणि दोन प्रती ठेवायच्या म्हणजे १२०. लॉसलेस कॉम्प्रेस्ड १४ बिट ठेवा. छापील साडीत फरक दिसत नाही.

उन्हातला

घराबाहेर फ्लॅश वापरणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा अडथळा कुणी सांगितला नाही. जीएफएक्सचा फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग) १/१२५ सेकंद आहे, ए७आर ४ चा १/२५०. बँडस्टँडवर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला १/१२५ म्हणजे जवळजवळ एफ/१६. ११० मिमी एफ/२ लेन्स पूर्ण उघडी वापरायची तर सहा स्टॉपचा एनडी (प्रकाश अडवणारा गडद फिल्टर) लागतो, आणि त्यातून बघताना फोकस करणं कठीण जातं. असं काम मुख्य असेल तर हॅसलब्लाड एक्स मालिका बघा: शटर लेन्समध्ये असतं, सिंक १/२००० आणि काही लेन्सला त्याहून पुढे. १/२००० ला एनडीशिवाय एफ/४ मिळतो.

आणि त्या ११० एफ/२ ची पार्श्वभूमी 'मीडियम फॉरमॅट लूक' म्हणून सांगितली जाते, ती फुल फ्रेमच्या ८७ मिमी एफ/१.६ इतकी आहे. साध्या ८५ एफ/१.४ ला त्याहून जास्त धूसर मिळते. लेन्स उत्तम आहे, पण जादू म्हणून विकत घेऊ नका.

एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. जीएफएक्स १००एस चा सेन्सर वरून खालपर्यंत वाचायला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिचकतो, म्हणजे एका फोटोत सोळाएक आडवे पट्टे.

तिपाई

"होर्डिंगसाठी जास्त मेगापिक्सेल लागतात" हे एजन्सीकडून नेहमी येतं, त्याचाही हिशेब मांडतो. माहीमजवळचं ४० फुटी होर्डिंग म्हणजे ४८० इंच. ९५०४ पिक्सेल त्यावर पसरले की इंचाला २०, एक पिक्सेल १.३ मिमी. तीस मीटरवरून निरोगी डोळ्याला ८-९ मिमीपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. २४ मेगापिक्सेलही पुरतात.

फोर्टकर

होर्डिंगचं मान्य. इमारतींचं राहिलं. कॅननची टीएस-ई २४ मिमी (इमारत तिरकी न दिसता उंची पकडायला सरकवता येणारी, म्हणजे शिफ्ट लेन्स) दुसरी आवृत्ती ॲडॅप्टरने जीएफएक्सवर बसते आणि १९ मिमीसारखी रुंद दिसते. सीएसएमटीसमोर मागे सरकायला जागा नसते तिथे हे फार कामाचं. मात्र तिचं प्रतिमावर्तुळ (लेन्स टाकते ती गोल प्रतिमा) ६७.२ मिमीचं. फुल फ्रेमवर पूर्ण १२ मिमी शिफ्ट मिळते, जीएफएक्सवर आडव्या चौकटीत हिशेबाने ९ आणि उभ्या चौकटीत ७ च्या थोडं वर, तेही कोपरे मऊ धरून. उंच शिखरासाठी उभी चौकट धरणाऱ्याला ती शिफ्ट अपुरी पडेल.

ठरवण्याआधी एक दिवस किट भाड्याने घ्या. तेच कापड, तीच चौकट, एकाच ट्रायपॉडवर. फुल फ्रेम एफ/८, जीएफएक्स एफ/१०, दोन्ही आयएसओ १००, जीएफएक्सला फ्लॅश दोन-तृतीयांश स्टॉप जास्त. एकाच सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग शून्य करून उघडा, २४ × ३२ इंचांचे दोन्ही प्रिंट काढा, मागे पेन्सिलने खूण करा आणि दीड फुटावरून अशा माणसाला दाखवा ज्याला कोणता कुठला ते माहीत नाही.

जरीकाठ

त्या चाचणीत गडद घडीचा एक आणि मोकळ्या पदराचा एक, असे दोन प्रिंट प्रत्येकी काढा. फरक असलाच तर पहिल्यांदा घडीत दिसेल. आणि भाड्याच्या लेन्सचा रिअर ग्लास टॉर्च मारून बघूनच घ्या, पावसाळ्यानंतर बुरशी आलेल्या लेन्स बाजारात फिरत असतात. धुरकट लेन्सने काळा रंगच उजळ होतो आणि चाचणी वाया जाते.