जत्रेतला दशावतार रात्रभर बघायचाय: सहा जण, पहिल्यांदाच

सहाजण_पुणे: डिसेंबरअखेर आम्ही सहा मित्र कुडाळ-वेंगुर्ला भागात असू. जत्रेतला दशावतार, म्हणजे देवळापुढे रात्रभर चालणारं कोकणी लोकनाट्य, बघायचा आहे. तिकीट नसतं एवढं कळलंय. पण जत्रा कुठे आहे हे कसं शोधायचं, कितीला पोचायचं, बसायचं कुठे? दोघांना मालवणी अजिबात कळत नाही. एक-दीडला उठून आलो तर चालेल ना?

तळकोकण: जत्रा तिथीवर असते, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून निघालात तर रिकाम्या देवळात पोचाल. 'आजचे दशावतार' अशी यादी स्थानिक व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरते. त्यात गाव, देऊळ आणि कंपनी, म्हणजे नाटक करणारी मंडळी, असते. मुक्कामाच्या घरमालकांना सकाळीच विचारा, त्यांच्याकडे हमखास असते.

आधी पालखीची प्रदक्षिणा, मग नाटक. म्हणजे सुरू व्हायला अकरा-बारा वाजतात. दहाला जा, देवदर्शन करा, खाजा (जत्रेतला गोड खाऊ) घ्या, जागा धरा. जेवून जा.

भाषेची काळजी नको. आख्यानातले, म्हणजे मुख्य पौराणिक कथेतले, राजे आणि ऋषी चांगली संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. मालवणी येते ती संकासुर या राक्षसाच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी. त्या दोघांच्या शेजारी कळणारा एक जण बसवा, झालं.

पायपेटी: दीडला उठू नका, कळकळीने सांगतो. तोवर जेमतेम पूर्वरंग, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला भाग, झालेला असतो: गणपती, ऋद्धी-सिद्धी, मोरावरची सरस्वती, भटजी, संकासुर. खरं आख्यान त्यानंतर. संहिता लिहिलेली नसते. कुठलं आख्यान आणि कोण कुठली भूमिका करणार एवढं आधी ठरतं, संवाद नट जागेवर रचतात. त्यामुळे रंग चढायला वेळ लागतो. दोन कसलेले नट समोरासमोर आले की शब्दाला शब्द भिडत जातो, आणि हे बहुतेक दोन-तीननंतर होतं. शेवटी पहाटे दहीकाला, म्हणजे दहीहंडी फोडून समाप्ती.

बसायचं समोर, वीस-पंचवीस फुटांच्या आत. नट माईकपासून हलला की आवाज पडतो आणि मागच्यांना निम्मे संवाद कळत नाहीत. स्पीकरच्या तोंडाशी मात्र नको, तिथे झांज कानात बसते. पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी) आणि मृदंगवाले एका अंगाला असतात. त्यांचे हात दिसतील अशी जागा मिळाली तर उत्तम: युद्धात नटाचा पाय आपटतो आणि मृदंगाची थाप पडते, त्यात केसाचंही अंतर नसतं. मांडावर, म्हणजे नाटक होतं त्या जागी, एक लाकडी बाक असतो, त्यावर कापड. तोच सिंहासन, तोच डोंगर. नटाने बाकाला फेरी घातली की प्रवास झाला समजा.

तळकोकण: आणखी थोडं. उघड्यावर दव पडतं, नुसती चटई तासाभरात ओली होते. खाली ताडपत्री, वर चटई, प्रत्येकी एक शाल आणि कानटोपी. मांडावर चप्पल घालून चढू नका. नट चेहरा रंगवतात तिथे फोटो हवा असेल तर विचारून, फ्लॅश न मारता. डोळ्यात काजळ भरताना हात हलला तर सगळा चेहरा पुन्हा करावा लागतो. कंपनीच्या सामानाच्या पेटाऱ्याला पाय लावू नका, त्यात गणपतीचा मुखवटा असतो, त्याची पूजा होते.

तळी (आरतीचं ताट) फिरते तेव्हा प्रत्येकाने पन्नास-शंभर टाका. सुट्टे वरच्या खिशात ठेवा.

सहाजण_पुणे: मनापासून आभार. पहाटे थेट आंबोलीमार्गे पुण्याला निघायचा विचार होता.

पायपेटी: ते करू नका. रात्रभर जागून घाटात गाडी चालवायची नाही. मुक्कामाची खोली आणखी एक रात्र ठेवा, सकाळी झोपा, दुपारी निघा. थांबायचं नसेल तर गाडी चालवणाऱ्याला आदल्या दुपारी चार तास झोपवा आणि नाटकात तीननंतर मागे आडवं होऊ द्या. गाडी लावताना तोंड रस्त्याकडे ठेवा. पाणंद (गावातली वाट) अरुंद असते, पहाटे सगळे एकदम निघतात आणि वळवायला जागा उरत नाही.