मदत हवी आहे: लग्नासाठी हॉटेलात मुक्काम आणि स्वच्छतेची धास्ती

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, पण शेवटपर्यंत वाचून सल्ला द्या ही विनंती.

मी अमळनेरची. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न जळगावला आहे. कार्यालयाजवळच्या एका हॉटेलात नणंदबाईंनी जवळच्या पाहुण्यांसाठी खोल्या घेऊन ठेवल्या आहेत. हे नवरीचे मामा, त्यामुळे हळदीपासून पाठवणीपर्यंत आमचा मुक्काम तिथेच. आजवर जळगावचं कुठलंही कार्य असलं की सकाळच्या गाडीने जायचं आणि रात्री घरी परतायचं, असं मी निभावत आले. या वेळी ते चालणार नाही, आणि मला तसं करायचंही नाही. ही पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडेच असायची. तिच्या हळदीत मी घड्याळाकडे बघत बसावं हे मलाच सहन होणार नाही.

मला हॉटेलच्या खोलीची धास्ती वाटते. घाण दिसते म्हणून नाही, पांढरीशुभ्र चादर अंथरलेली असली तरी वाटते. काल या गादीवर कोण झोपलं होतं, त्याला खरूज होती का, कावीळ होती का, ब्लँकेट शेवटचं कधी धुतलं, बाथरूममधला बादली-मग कोणी कशाला वापरला, ग्लास नुसता फडक्याने पुसून पालथा घातला असेल का, असं एकामागून एक सुरू होतं. मग मी कोणालाच बसू देत नाही. आधी कडी, बटणं, रिमोट, नळ पुसायचे, बाथरूममध्ये फिनाईल टाकून घासायचं, घरून आणलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे घालायचे. हे होईपर्यंत घरचे सगळे बॅगा धरून दारात उभे. यात तासापेक्षा जास्त जातो. त्यानंतर मी हात धुते, आणि धुऊन झाल्यावर शंका येते की नळ बंद करताना हात परत लागला. मग पुन्हा. रात्री झोप अशी लागतच नाही.

हे मुळात सुरू झालं ते यांच्या कावीळीपासून. आम्ही देवदर्शनाला गेलो होतो, तिथे एका लॉजवर एक रात्र काढली. खोली खरोखरच वाईट होती. घरी आल्यावर आठवड्याभरात यांचे डोळे पिवळे झाले, भूक गेली, महिनाभर अंथरुणाला खिळून होते. त्यानंतर माझ्या मनात हॉटेल आणि आजारपण यांची गाठच बसली.

आता हे सगळं इथे लिहिण्याचं कारण माझी मुलगी. तिसरीत आहे. मागे तोरणमाळला गेलो तेव्हा ती खोलीच्या दारातच थांबली आणि मला म्हणाली, "आई, कडी पुसली का? मी हात लावू?" तेव्हापासून मला माझ्या धास्तीपेक्षा तिचीच जास्त काळजी लागली आहे. आता ती घरीसुद्धा विचारते.

तर मला हे हवं आहे. हॉटेलात खरा धोका कशाचा असतो आणि कशाचा नसतो, हे कोणी माहीतगाराने नीट सांगावं. मे महिन्यात आपल्याकडे पाण्याची काय परिस्थिती असते ते सगळ्यांना माहीत आहे. हॉटेलात टँकरचं पाणी असणार, त्याचं काय करायचं? एसीतून जंतू येतात असं वाचलं, ते खरं का? खोलीत कूलर असला तर? आणि शेवटचं, जे विचारायला सर्वात जड जातं आहे: काळजी कुठपर्यंत, आणि कुठून पुढे त्याला मंत्रचळ म्हणायचं?

"मनातून काढून टाक" असं कृपया सांगू नका. ते मी स्वतःला रोज सांगते.

तापीकाठ:
ताई, स्वतःची चादर न्यायला अजिबात संकोचू नका. आमच्या घरी लग्नाला जाताना आजही प्रत्येकाची चादर आणि टॉवेल बॅगेत असतो. कोणी काही बोलत नाही. घड्याळाकडे बघत बसावं लागू नये असं वाटतं, हेच फार मोलाचं आहे.

हाऊसकीपिंगवाला:
मी याच धंद्यात आहे, जिल्ह्याच्याच गावी. त्यामुळे आतलं सांगतो, कुणाची बाजू न घेता.

चादर, अभ्रे आणि टॉवेल प्रत्येक पाहुणा गेल्यावर बदलतात. बऱ्या हॉटेलात यात सहसा चूक होत नाही, कारण ते पाहुण्याला लगेच दिसतं. रोज धुतलं जात नाही ते वरचं जाड ब्लँकेट, पलंगावरची शोभेची पट्टी आणि त्या छोट्या उशा. त्या आल्याबरोबर उचलून कपाटात टाका. ब्लँकेट लागणारच असेल तर आणखी एक धुतलेली चादर मागून घ्या आणि ती आत, अंगाशी येईल अशी घ्या. रिसेप्शनला सांगा, "चादरी आमच्यासमोर बदला." आम्हाला याचा राग येत नाही. लग्नसराईत सकाळी एक वऱ्हाड खोली सोडतं आणि दुपारी दुसरं येतं, तेव्हा हात भराभर चालवावे लागतात. म्हणून सांगितलेलं बरं. आदल्या दिवशी फोन केलात तर आणखी चांगलं.

रिमोट आणि पलंगाजवळच्या दिव्याचं बटण पुसता ते योग्यच आहे. अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये हॉटेलच्या खोल्या तपासल्या होत्या, त्यात या दोन्ही गोष्टी सर्वात अस्वच्छ निघालेल्या यादीत होत्या. अभ्यास लहान होता, नऊच खोल्यांचा. पण त्यात आमच्या कामाची एक गोष्ट होती: सफाईच्या गाडीवरचे स्पंज आणि पोछे यांच्यावरही भरपूर जंतू सापडले. एका खोलीतलं फडकं दुसरीत गेलं की घाणही जाते. आम्ही आता बाथरूमचं फडकं वेगळ्या रंगाचं ठेवतो. ग्लास मात्र स्वतः धुवा किंवा आपली बाटली वापरा.

ढेकणांसाठी एवढंच: बॅग आधी टेबलावर ठेवा, पलंगावर नाही. गादीचा डोक्याकडचा कोपरा उचलून शिवणीत टॉर्च मारा. शाईचे बारीक ठिपके पडावेत तसे काळे डाग दिसले तर खोली बदलून मागा. कूलर असेल तर टाकी रिकामी करून घासून ताजं पाणी भरायला सांगा. तिथला त्रास मुख्यतः डासांचा.

शिरपूरचा डॉक्टर:
धागाकर्तीने विचारलेल्या मुद्द्यांवर लिहितो.

आधी कावीळ. अ प्रकारची कावीळ शरीरात विषाणू गेल्यापासून १५ ते ५० दिवसांनी दिसते, सरासरी चार आठवडे. ई प्रकारालाही किमान दोन आठवडे लागतात. तुमच्या मिस्टरांना लॉजवरून आल्यावर आठवड्याभरात झाली असेल आणि ती अशी पाण्याची कावीळ असेल, तर तिचं मूळ त्या लॉजवर असणं जवळजवळ अशक्य आहे. ती त्याआधीच, बहुधा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून शरीरात गेली होती. तुमचं म्हणणं खोडून काढायला हे सांगत नाही. पण इतकी वर्षं मनात बसलेल्या गाठीचा पायाच ठिसूळ आहे, हे तुम्हाला कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रवासात माझ्या पेशंटना होणारे बहुतेक आजार तोंडावाटे जातात, कातडीवाटे नाहीत. तुम्ही ज्या कडीवर इतका वेळ घालवता ती तेव्हाच धोक्याची, जेव्हा तिथला हात न धुता तोंडाशी जातो. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने वीस सेकंद हात धुतले की कडी, बटण, रिमोट या सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी मिटतो. सॅनिटायझर सोयीचं आहे, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर ते फारसं चालत नाही. तिथे साबण आणि पाणीच.

टँकरचं पाणी अंघोळीला चालेल. पिण्यासाठी आणि दात घासण्यासाठी सीलबंद बाटली घ्या किंवा खोलीतल्या किटलीत खळखळून एक मिनिट उकळून घ्या. लग्नाच्या मांडवातला बर्फ, मठ्ठा आणि चिरून ठेवलेली काकडी याकडे मी चादरीपेक्षा जास्त लक्ष देईन. गरम भरीत, गरम वरण-बट्टी बिनधास्त खा.

खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच जगतो, आणि तो पसरतो तो मुख्यतः दीर्घकाळ अंगाला अंग लागून. धुतलेल्या चादरीवर चिंता नको. ढेकूण चावतात, खाज येते, झोप उडते, पण त्यांच्यामुळे माणसांत रोग पसरतात असं आढळलेलं नाही. कमोडच्या बैठकीवरून रोग लागणं फार दुर्मिळ.

एसीबद्दल तुम्ही वाचलंत ते बहुधा लीजनेअर्स आजाराबद्दल. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर ही न्यूमोनियाची साथ आली आणि त्यातून तो जिवाणू पहिल्यांदा ओळखला गेला. मोठ्या इमारतींच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये, साचलेल्या कोमट पाण्यात तो वाढतो. खोलीतला स्प्लिट किंवा विंडो एसी हवा थंड करायला पाणी वापरत नाही, त्यामुळे त्याची भीती सोडा. खोली बरेच दिवस बंद असेल तर अंघोळीआधी शॉवर दोन-तीन मिनिटं नुसता सोडा आणि तेवढा वेळ बाहेर थांबा.

म्हणजे माझ्या हिशेबाने तुमचं काम दहा मिनिटांचं आहे. एक जंतुनाशक वाइप घेऊन रिमोट, बटणं, कड्या ओल्या करा आणि आपोआप सुकू द्या (लगेच कोरडं पुसलंत तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही), आपली चादर घाला, हात धुवा. त्यानंतर पुन्हा पुसल्याने सुरक्षितता वाढत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहून देण्यासारखं नाही, त्यासाठी प्रत्यक्ष भेटायला हवं. पण दिवसाचा तासाहून जास्त वेळ अशा विचारांत आणि धुण्या-पुसण्यात जात असेल, किंवा त्यापायी माणसं आणि कार्यं टाळली जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. तुम्ही लिहिलेलं वाचून मी दाखवा असंच म्हणेन.

आता बरं आहे:
ताई, मला ओसीडी, म्हणजे तुम्ही म्हणता तो मंत्रचळ, होता. माझी तऱ्हा वेगळी होती, गॅस आणि कुलूप. पण "हात परत लागला" ही तुमची ओळ वाचून थांबलोच. मला ती शंका आतून माहीत आहे.

माझ्यावर जे उपचार झाले त्याला ईआरपी म्हणतात. भीती वाटणाऱ्या गोष्टींची चढती यादी करायची, सर्वात सोपीपासून सुरुवात करायची, आणि ती केल्यावर जे करावंसं वाटतं ते करायचं नाही. तुमच्यासाठी कदाचित कडीला हात लावून लगेच न धुता बसणं. आधी घालमेल खूप वाढते. मग, आपण काहीच न करता, ती उतरते. हे माझ्या डोक्याला पटायला वेळ लागला पण शरीराला पटलं. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा, एकट्याने नको. सोबत गोळ्याही होत्या, त्यांचा गुण यायला दोन-अडीच महिने लागले. म्हणून लग्नाची वाट न बघता आत्ताच सुरुवात करा.

कुठे जायचं ते ठरत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा आहे, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरसाहेब, कावीळीचं यांना वाचून दाखवलं. फाईल काढून पाहिली, अ प्रकारचीच होती. त्यावर मी अजून विचार करते आहे, एवढंच सध्या सांगू शकते.

हॉटेलला फोन केला. चादरी समोर बदलून द्यायला ते लगेच हो म्हणाले. नणंदबाईंनाही मोकळेपणाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही मुक्कामाला आहात ना, मग हवं ते घेऊन या." १४४१६ वरही बोलले, त्यांनी जवळचं सरकारी केंद्र सांगितलं. ईआरपी करणारे तज्ज्ञ जळगाव किंवा धुळ्यात कोणाला माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा, इथे नाव नको.

एक राहिलं. मुलगी "पुसलं का" विचारते तेव्हा काय उत्तर देऊ? आत्तापर्यंत "हो, पुसलं" म्हणत आले.

आता बरं आहे:
व्यनि केला आहे.

मुलीबद्दल: "हो, पुसलं" म्हटलं की तिला त्या क्षणी बरं वाटतं आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागतं. माझ्या घरच्यांना हेच थांबवायला शिकवलं होतं, आणि सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. तिला आधी एकदा शांतपणे सांगून ठेवा की कडीला हात लावला तरी चालतं, जेवायच्या आधी आपण दोघी हात धुऊ. नंतर विचारलं तर "आपण बोललो होतो ना?" एवढंच, आणि लगेच दुसरं काहीतरी सुरू करा. रागावू नका. आणि तुमच्या तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत तिचंही सांगा. ती लहान आहे, आत्ता सोपं जाईल.