३३वा आठवडा आणि पायाळू बाळ

अगं, ३३व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डोकं वर दिसलं म्हणून आत्ताच सिझेरियनची तारीख काय विचारतेस! बहुतेक बाळं ३६व्या आठवड्यापर्यंत आपणहून फिरतात. दिवस भरताना पायाळू राहणारी शंभरात तीन-चारच. माझ्या भाचीचं सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून रिक्षाने जाता-येता फिरलं, असं तिच्या सासूबाई अजून ठणकावून सांगतात. असो. नाहीच फिरलं तर ३६-३७व्या आठवड्यात डॉक्टर पोटावरून हाताने फिरवून बघतात, साधारण निम्म्या वेळा जमतं. आधी-नंतर बाळाचे ठोके तपासतात. मालिशवाल्या मावशींना मात्र हा उद्योग अजिबात करू देऊ नकोस. आणि पाणी गेलं तर फोनाफोनी न करता थेट हॉस्पिटल गाठ, बाळ पायाळू असताना नाळ खाली सरकायची भीती जास्त असते.